शुश्रूषागृहांतील वृद्धांचा अनावश्यक औषधोपचार

दीर्घकाळ निवासी शुश्रूषेखाली असलेल्या वृद्धांना दिली जाणारी जी औषधे त्यांच्या सध्याच्या प्रकृतीस उपयोगी नाहीत, ज्यांचे मूळ प्रयोजन संपले आहे किंवा ज्यांच्यापासून होणारा अपाय लाभापेक्षा अधिक आहे, अशा औषधांच्या वापरास अनावश्यक औषधोपचार म्हणतात. अशी औषधे शोधून ती वैद्यकीय देखरेखीखाली कमी करणे वा थांबविणे यास येथे ‘औषधकपात’ म्हटले आहे. इंग्रजीत रूढ झालेली ‘डीप्रिस्क्रायबिंग’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम वापरली गेली.

‘शुश्रूषागृह’ वा ‘नर्सिंग होम’ हा शब्द महाराष्ट्रात लहान खाजगी रुग्णालय वा प्रसूतिगृह या अर्थी प्रचलित आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमातही (मूळचा १९४९ चा मुंबई अधिनियम) तो याच अर्थाने येतो. पाश्चात्त्य देशांत मात्र स्वतःची दैनंदिन कामे करू न शकणाऱ्या व्यक्ती जेथे कायमच्या राहतात व जेथे चोवीस तास परिचर्या मिळते, अशा निवासी संस्थेस हे नाव आहे. प्रस्तुत नोंदीत हा दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

औषधांची संख्या हा अनावश्यकतेचा पुरावा नव्हे. हृद्‌रोग, मधुमेह आणि संधिवात एकत्र असलेल्या व्यक्तीस सात-आठ औषधे खरोखरच लागू शकतात. उलट दोनच औषधे घेणाऱ्याच्या बाबतीत त्यांतील एक घातक असू शकते. प्रत्येक औषध आज, या व्यक्तीस, कशासाठी दिले जात आहे या प्रश्नाला उत्तर आहे की नाही, ही खरी कसोटी होय.

वार्धक्य आणि औषधक्रिया : तरुणपणी निर्धोक ठरलेली मात्रा वार्धक्यात विषारी ठरू शकते. वयाच्या चाळिशीनंतर वृक्कांची (मूत्रपिंडांची) गाळणक्षमता साधारणपणे दरवर्षी एक टक्क्याने घटते. डिगॉक्सिनासारखी जी औषधे मुख्यतः वृक्कांवाटे उत्सर्जित होतात, ती त्यामुळे शरीरात साठू लागतात. वृद्धांच्या शरीरातील स्नायूंचे प्रमाण कमी झाल्याने क्रिॲटिनीनची निर्मितीही घटते. त्यामुळे रक्त तपासणीत क्रिॲटिनीनचे मूल्य सामान्य आढळूनही वृक्कांचे कार्य बरेच मंदावलेले असू शकते. शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होऊन मेदाचे प्रमाण वाढत असल्याने मेदात विरघळणारी औषधे दीर्घकाळ टिकून राहतात. उदा., डायाझेपाम या शामक औषधाचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ) विशीतील व्यक्तीत सु. २० तास, तर ऐंशीच्या घरातील व्यक्तीत सु. ९० तास असतो. रोज रात्री झोपेसाठी घेतलेली गोळी अशा व्यक्तीच्या शरीरातून दुसऱ्या रात्रीपर्यंत निघून जात नाही. पहिल्या मात्रेवर दुसरी व दुसरीवर तिसरी चढत जाते.

यांखेरीज मेंदूची शामक औषधांबाबतची संवेदनक्षमता वाढलेली असते. उठून उभे राहताना रक्तदाब सावरणारी प्रतिक्षेपी क्रियाही मंद होते. परिणामी गुंगी, तोल जाणे, पडणे, मांडीच्या हाडाचा अस्थिभंग, संभ्रम, बद्धकोष्ठ आणि मूत्ररोध हे औषधांचे दुष्परिणाम ‘वयपरत्वे होणारच’ असे समजून दुर्लक्षिले जातात.

औषधे साठत जाण्याची कारणे : शुश्रूषागृहात येणाऱ्या व्यक्तीची औषधांची यादी बहुधा अनेक वर्षांत व अनेक वैद्यांच्या हातून तयार झालेली असते. प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या इंद्रियापुरते औषध वाढवितो. दुसऱ्याने सुरू केलेले औषध बंद करण्यास मात्र तो धजत नाही. रुग्णालयातील तीव्र आजाराच्या काळात तात्पुरती म्हणून दिलेली औषधे, उदा., जठराम्ल कमी करणारी किंवा झोपेची, रुग्ण परत आल्यावरही चालू राहतात. कारण घरी पाठविताना दिलेल्या कागदावर ती केव्हा थांबवावीत हे लिहिलेले नसते. औषध सुरू करण्यासाठी कोणाच्या तरी सहीची आवश्यकता असते. ते चालू राहण्यासाठी कोणाच्याही निर्णयाची गरज पडत नाही.

दुसरे कारण म्हणजे औषधशृंखला होय. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा रोग समजला जातो व त्यासाठी दुसरे औषध दिले जाते. कॅनडातील पॉला रोशॉन आणि अमेरिकेतील जेरी गुरविट्झ या वैद्यांनी १९९० नंतरच्या दशकात या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधले. एक नेहमीचे उदाहरण पुढीलप्रमाणे आहे : रक्तदाबासाठी दिलेल्या ॲम्लोडिपिनामुळे घोट्यांवर सूज येते. ती हृदयविकाराची समजून मूत्रल औषध देण्यात येते. त्यामुळे वारंवार व अनावर लघवी होऊ लागते. तिच्यासाठी मूत्राशयाचे आकुंचन रोखणारे ऑक्सिब्युटिनीन सुरू होते. त्याच्या ॲसिटिलकोलीनरोधक क्रियेने संभ्रम निर्माण होतो. संभ्रमातून आलेल्या अस्वस्थतेसाठी हॅलोपेरिडॉल दिले जाते. त्याने अंग ताठरते व हात थरथरतात, म्हणून शेवटी कंपवातावरील लेव्होडोपाची भर पडते. अशा शृंखलेतील पहिले औषध बदलले, तर पुढील चार पायऱ्या टळू शकतात. कधी दोन औषधे परस्परांविरुद्ध काम करीत असतात. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल ॲसिटिलकोलीनाचे प्रमाण वाढविते. त्यामुळे होणाऱ्या मूत्रस्रावासाठी दिलेले ऑक्सिब्युटिनीन त्याच द्रव्याची क्रिया रोखते.

वारंवार आढळणारी औषधे : (१) बेंझोडायाझेपीन वर्गातील शामक व निद्राकारक औषधे : यांची सवय लागते व पडण्याचा धोका वाढतो. (२) ओमेप्राझोल, पँटोप्राझोल इ. जठराम्लनिरोधक औषधे : ठराविक आठवड्यांसाठी सुरू केलेली ही औषधे पुष्कळदा वर्षानुवर्षे चालतात. मात्र पूर्वी जठरातून रक्तस्राव झालेल्या किंवा दीर्घकाळ वेदनाशामके घेणाऱ्या व्यक्तीस ती आवश्यक असू शकतात. (३) ॲसिटिलकोलीनरोधक औषधे : सर्दी-खाजेवरील जुनी हिस्टामीनरोधके व ॲमिट्रिप्टिलीन यांचाही यांत समावेश होतो. (४) मधुमेहावरील तीव्र उपचार : विशेषतः ग्लायबेनक्लामाइडाने रक्तशर्करा अतिशय खाली जाण्याचा धोका असतो. अशक्त वृद्धांमध्ये शर्करेचे काटेकोर नियंत्रण इष्ट नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. (५) प्रतिजैव पदार्थ : दीर्घकालीन शुश्रूषेतील स्त्रियांपैकी सु. २५ ते ५० टक्के स्त्रियांच्या मूत्रात कोणतेही लक्षण नसताना जंतू आढळतात. केवळ तपासणीच्या निष्कर्षावरून प्रतिजैवे दिल्याने लाभ होत नाही व जंतूंत औषधप्रतिरोध मात्र वाढतो. (६) दीर्घ पल्ल्याची प्रतिबंधक औषधे : स्टॅटिनासारख्या ज्या औषधांचा लाभ दिसण्यास काही वर्षे लागतात, ती आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत निरर्थक ठरतात. (७) मनोविकृतिरोधक औषधे : यांचा प्रश्न वैद्यकाइतकाच सामाजिकही असल्याने त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

शुश्रूषेऐवजी औषध : स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती रात्री भटकते, ओरडते, अंघोळीस विरोध करते, प्रसंगी मारते. या वर्तनामागे दुखणे, बद्धकोष्ठ, तहान, ऐकू न येणे, भीती किंवा अनोळखी हात यांपैकी काहीतरी असते. पण ते तिला सांगता येत नाही. कारण शोधण्यास माणूस आणि वेळ लागतो; गोळी देण्यास मिनिटही पुरते. एका रात्रपाळीवर थोड्या सेविकांनी अनेक वृद्ध सांभाळावयाचे असतात, तेथे गोळी मनुष्यबळाची जागा घेते. यालाच रासायनिक बंधन म्हणतात. दोरीने बांधलेला माणूस भेटीस आलेल्या नातेवाइकास दिसतो. औषधाने बांधलेला माणूस शांत झोपलेला वाटतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा विषय १९७० नंतर सार्वजनिक चर्चेत आला. सिनेटच्या दीर्घकालीन परिचर्येविषयीच्या उपसमितीने १९७५ मध्ये शुश्रूषागृहांतील औषधांचा गैरवापर, त्यांचा खर्च आणि त्यांतील दलाली यांवर अहवाल प्रसिद्ध केला. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या १९८६ च्या अहवालानंतर १९८७ मध्ये शुश्रूषागृह सुधारणा कायदा संमत झाला. शिस्त लावण्यासाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेल्या शारीरिक व रासायनिक बंधनांपासून मुक्त असण्याचा निवाशांचा हक्क त्यात मान्य करण्यात आला. निवासी अनावश्यक औषधांपासून मुक्त असावा, मनोविकृतिरोधक औषधे विशिष्ट विकारासाठीच द्यावीत व ती क्रमाक्रमाने कमी करण्याचा प्रयत्न व्हावा, अशी तरतूद त्यानुसार नियमांत झाली. फार्मासिस्टाने म्हणजे औषधतज्ज्ञाने प्रत्येक निवाशाच्या औषधांचे दरमहा परीक्षण करणेही तेथे बंधनकारक आहे.

या औषधांचा धोका केवळ गुंगीपुरता नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १७ चाचण्यांच्या एकत्रित पाहणीवरून २००५ मध्ये असा इशारा दिला, की स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना नव्या पिढीतील मनोविकृतिरोधक औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेने १.६ ते १.७ पट होते. २००८ मध्ये हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू करण्यात आला. ब्रिटनमधील निवासी संस्थांत राहणाऱ्या व आल्झायमर रोगाने ग्रस्त अशा १६५ जणांच्या चाचणीत निम्म्यांचे औषध चालू ठेवण्यात आले व उरलेल्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या दीर्घकालीन निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४६ टक्के, तर दुसऱ्यात ७१ टक्के होते. त्याच वर्षी सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश शासनास सादर केलेल्या अहवालात स्मृतिभ्रंश झालेल्या सु. १,८०,००० व्यक्तींना वर्षाकाठी ही औषधे दिली जातात, त्यांपैकी सु. ३६,००० जणांनाच काही लाभ होतो व दरवर्षी सु. १,८०० अधिक मृत्यू संभवतात, असा अंदाज वर्तविला होता.

अमेरिकेत २०१२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कपातीची मोहीम सुरू झाली. २०११ च्या अखेरच्या तिमाहीत दीर्घकाळ राहणाऱ्या निवाशांपैकी २३.९ टक्के जणांना मनोविकृतिरोधक औषधे मिळत होती. हे प्रमाण पुढील सहा वर्षांत सु. १५ टक्क्यांपर्यंत उतरले. या यशाला दुसरी बाजूही आहे. ही टक्केवारी काढताना छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) झालेल्या व्यक्ती वगळल्या जात असत. सामान्यतः तारुण्यात सुरू होणाऱ्या या विकाराचे निदान वृद्ध निवाशांच्या कागदपत्रांत वाढलेले दिसू लागले. त्यामुळे अशा नोंदींना वैद्यकीय आधार आहे काय, याची तपासणी करण्याचे केंद्रीय यंत्रणेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. काही ठिकाणी तर एक औषध घटले, तेव्हा आकडेवारीत न मोजले जाणारे दुसरे गुंगीकारक औषध वाढले. माणसे न वाढविता केवळ आकडा कमी करण्याचे बंधन घातले, तर औषधाऐवजी कागद बदलण्याचा मोह होतो, हा या अनुभवाचा धडा आहे.

याउलट, कर्मचाऱ्यांना शिक्षण दिल्यास काय साध्य होते हे जेरी ॲव्हॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. मॅसॅचूसेट्स राज्यातील १२ शुश्रूषागृहांतील ८२३ निवासी त्यात समाविष्ट होते. निम्म्या संस्थांतील वैद्य, परिचारिका आणि साहाय्यक यांना प्रशिक्षण देण्यात आले. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या अयोग्य वापराचा निर्देशांक तेथे २७ टक्क्यांनी घटला. इतर संस्थांत तो ८ टक्क्यांनीच घटला. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांत ३५२ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर केलेला व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही उद्‌बोधक आहे. तेथे अस्वस्थ निवाशांच्या वेदनेवर पद्धतशीर उपचार करण्यात आले. यांत बहुतेकांना पॅरासिटॅमॉल देण्यात आले होते. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता तुलनात्मक गटापेक्षा सु. १७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे योग्य ते साधे औषध देणे हाही घातक औषध टाळण्याचा मार्ग ठरतो.

निकष : वृद्धांसाठी अयोग्य औषधांची पहिली सुव्यवस्थित यादी मार्क बिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तज्ज्ञांच्या मतैक्याने १९९१ मध्ये तयार केली. ती मुळात शुश्रूषागृहांतील निवाशांसाठीच होती. १९९७ मध्ये तिची व्याप्ती ६५ वर्षांवरील सर्वांपर्यंत वाढविण्यात आली. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी ही यादी वेळोवेळी सुधारते. २०२३ मध्ये अशी सुधारणा झाली. आयर्लंडमधील कॉर्क येथील वैद्यांनी २००८ मध्ये ‘स्टॉप’ व ‘स्टार्ट’ या नावांचे जोडनिकष प्रसिद्ध केले. पहिल्यात टाळावयाच्या औषधांविषयी ६५, तर दुसऱ्यात आवश्यक असूनही न दिल्या जाणाऱ्या औषधांविषयी २२ निकष होते. अशा याद्या धोक्याची सूचना देतात. वैद्याच्या निर्णयाची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

औषधकपातीची पद्धती : प्रथम निवासी प्रत्यक्षात घेत असलेल्या सर्व औषधांची यादी करतात. तीत मलम, डोळ्यांचे थेंब, घरून आणलेली चूर्णे आणि ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहिलेली औषधेही येतात. प्रत्येकासमोर ते कोणत्या विकारासाठी व केव्हापासून आहे हे लिहितात. ज्यासमोर काही लिहिता येत नाही ते पहिले संशयित होय. त्यानंतर व्यक्तीचे अपेक्षित आयुर्मान, वृक्ककार्य, गिळण्याची क्षमता आणि तिची स्वतःची इच्छा विचारात घेऊन प्रत्येक औषधाचा लाभ व अपाय तोलतात. सर्वाधिक अपायकारक व सर्वांत कमी उपयोगी औषध आधी निवडतात. एका वेळी एकच औषध कमी करणे श्रेयस्कर असते, नाहीतर प्रकृतीत झालेल्या बदलाचे कारण उमगत नाही.

काही औषधे एकदम बंद करणे धोक्याचे असते. बेंझोडायाझेपीन अचानक थांबविल्यास निद्रानाश, कंप व क्वचित आकडी येते. म्हणून मात्रा दर दोन आठवड्यांनी सु. एक-चतुर्थांश आणि शेवटी त्याहूनही सावकाश कमी करतात. बीटारोधक औषधे एकाएकी सोडल्यास हृद्‌शूल उद्‌भवतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे अचानक सोडल्यास अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता जीवघेणी ठरू शकते. जठराम्लनिरोधके थांबविल्यावर काही दिवस आम्लता उसळते. ती मूळ रोग परतल्याची खूण नसते. अपस्मार, कंपवात किंवा हृदयविकार यांवरील औषधे नातेवाइकांनी वा संस्थाचालकांनी परस्पर बंद करणे सर्वथा अयोग्य आहे.

शेवटची पायरी निरीक्षणाची असते व ती बहुधा परिचारिका आणि सेविका यांच्यावर अवलंबून असते. झोप, भूक, चाल, पडणे, लघवी, शुद्धी व बोलणे यांतील बदल दिवसभर सोबत असणाऱ्यासच दिसतात. त्यांच्या नोंदीवाचून कपात म्हणजे अंधारातील पाऊल ठरते. लक्षणे परतल्यास औषध पुन्हा सुरू करणे हे अपयश मानले जात नाही. विशेषतः पूर्वी तीव्र भ्रम वा आक्रमकता असलेल्या व ज्यांना मनोविकृतिरोधक औषधाने स्पष्ट गुण आला होता, अशा काहींना ते पुन्हा द्यावे लागते.

परिणाम व मर्यादा : इझ्राएलमध्ये डोरॉन गारफिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन परिचर्या विभागांतील ११९ विकलांग वृद्धांची एकूण ३३२ औषधे बंद केली. हे प्रमाण माणशी सरासरी २.८ पडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण या गटात २१ टक्के, तर तुलनात्मक गटात ४५ टक्के आढळले. बंद केलेल्या औषधांपैकी सु. १० टक्केच पुन्हा सुरू करावी लागली. तथापि हे गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नसल्याने मृत्यूतील सर्व घट कपातीमुळेच झाली असे म्हणता येत नाही. यादृच्छिक चाचण्यांतून औषधांची संख्या व त्यांसंबंधीच्या समस्या कमी होतात हे दिसते. पण रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात सातत्याने घट झालेली आढळत नाही. औषधकपातीचा हेतू आयुष्य वाढविणे एवढाच नाही. जागे राहून जेवता येणे, आपल्या पायांनी चालता येणे, भेटीस आलेल्याला ओळखता येणे हे लाभ मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाहीत.

भारतातील स्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यात राज्य शासनांनी टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारावा, अशी तरतूद आहे. मात्र येथील वृद्धाश्रम हे मुख्यत्वे निवारा म्हणून उभे राहिले आहेत. चालत-फिरत आलेला निवासी तेथेच अंथरुणाला खिळतो, तेव्हा वृद्धाश्रमाचे नकळत शुश्रूषागृह बनते व औषधे देण्याची जबाबदारी प्रशिक्षण नसलेल्या सेवकांवर येऊन पडते.

येथील काही अडचणी वेगळ्या आहेत. एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जात असल्याने दोन वैद्यांनी लिहिलेल्या दोन नावांखाली तेच औषध दुप्पट दिले जाण्याचा संभव असतो. रक्तदाब व मधुमेह यांवरील संयुक्त गोळ्या सर्रास प्रचारात आहेत. नैराश्यावरील औषध व क्लोनाझेपाम एकाच गोळीत असल्यास क्लोनाझेपाम तेवढे हळूहळू कमी करता येत नाही. प्रथम दोन्ही औषधे वेगळी करावी लागतात. दर महिन्यास जुनी चिठ्ठी दाखवून औषधे आणून देणारे नातेवाईक ती कर्तव्यभावनेने आणतात. म्हणूनच एखादे औषध थांबविले की वृद्धाची हेळसांड होत आहे, असा त्यांचा समज होतो. या निर्णयाची कारणे त्यांना आधीच समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

यासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. प्रत्येक निवाशामागे औषधाचे मूळ नाव, प्रयोजन, सुरू केल्याची तारीख आणि फेरविचाराची तारीख नोंदविलेला एक कागद, दर तीन ते सहा महिन्यांनी तो तपासणारा एकच जबाबदार वैद्य आणि रोजचे बदल टिपणारी सेविका एवढी व्यवस्था लहान वृद्धाश्रमासही करता येण्याजोगी आहे. औषध सुरू करणे हा जसा वैद्यकीय निर्णय असतो, तसाच ते थांबविणे हाही वैद्यकीय निर्णय आहे. तो घेणारी आणि त्यानंतर त्या वृद्धाजवळ थांबून लक्ष ठेवणारी माणसे असल्याखेरीज कोणत्याही नियमाने किंवा यादीने अनावश्यक औषधे कमी होत नाहीत.